गरीब देशांना शिक्षणासाठी परदेशी निधी मिळतो कसा?

नुसता अर्ज करून भागत नाही. ‘ग्लोबल पार्टनरशिप फॉर एज्युकेशन’चंच बघा. 2002 मध्ये वेगळ्या नावाने सुरू झालेला हा निधी 2011 पासून या नावाने ओळखला जातो. देशाचं शिक्षण खातं, देणगीदार, शिक्षक संघटना आणि स्वयंसेवी संस्था एकत्र बसून आधी काय बदलायचं ते ठरवतात. पैसा सहसा जागतिक बँक किंवा युनिसेफसारख्या मध्यस्थ संस्थेमार्फत येतो. सरकारने स्वतःच्या खर्चापैकी साधारण 20 टक्के शिक्षणावर खर्च करावा, ही अपेक्षाही असते.

पण माझ्या मते खरी अडचण मंजुरीनंतर सुरू होते. प्रत्येक देणगीदाराचा अहवाल वेगळा, हिशेबाची पद्धत वेगळी. जेमतेम माणसं असलेल्या खात्याचा सगळा वेळ कागदांतच जातो आणि वर्गात पुस्तक पोहोचत नाही.

नेपाळने यावर चांगली वाट काढली. 2016 पासूनच्या शालेय विकास योजनेत त्यांनी एकच राष्ट्रीय कार्यक्रम आखला. आशियाई विकास बँक, युरोपीय संघ, फिनलंड, नॉर्वे अशा अनेकांनी त्यालाच पैसा दिला, तोही बराचसा नेपाळ सरकारच्या अर्थसंकल्पामार्फतच. काही रक्कम ठरलेलं काम झाल्याचं दाखवल्यावरच सुटायची.

म्हणून मदत करायचीच असेल, तर जिल्हा पातळीवरच्या हिशेबनिसांना आणि शाळांची आकडेवारी गोळा करणाऱ्यांना आधी तयार करा. या कामाला देणगीदार पटकन पुढे येत नाहीत, आणि निधी अडतो तो बहुतेकदा इथेच.