स्क्रिप्ट किल केली तरी तिने सुरू केलेलं एफएफएमपेग चालूच राहतं, असं का?

तुमचा सी प्रोग्राम फोर्क करून (म्हणजे स्वतःची प्रत काढून, नवी मूल-प्रोसेस बनवून) शेल स्क्रिप्ट चालवतो, वेळ संपली की तिला किल करतो, पण आतलं एफएफएमपेग (व्हिडिओ रूपांतराचा प्रोग्राम) सीपीयू खात बसतं, असा प्रश्न आहे. किल बरोबरच चाललंय. पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) दिला की सिग्नल त्या एकाच प्रोसेसला जातो. पालक गेला म्हणून मुलं जात नाहीत. ती अनाथ होतात आणि साधारणपणे पीआयडी १ (इनिट, सिस्टमची पहिली प्रोसेस) त्यांना दत्तक घेते.

सगळ्या पिलावळीला एकदम सिग्नल द्यायचा तर प्रोसेस ग्रुप लागतो. फोर्कनंतर मूल पालकाच्याच ग्रुपमध्ये राहतं, म्हणजे आत्ता स्क्रिप्ट, एफएफएमपेग आणि तुमचा प्रोग्राम एकाच ग्रुपमध्ये आहेत. त्या ग्रुपला सिग्नल दिलात तर तो तुम्हालाही लागेल. म्हणून मुलाच्या बाजूला, एक्झेकच्या (मुलात स्क्रिप्ट चढवणाऱ्या कॉलच्या) आधी, सेटपीजीआयडी(०, ०) करा. मूल नव्या ग्रुपचं म्होरकं होतं आणि त्याचा पीआयडी हाच ग्रुपचा क्रमांक ठरतो. स्क्रिप्टमध्ये जॉब कंट्रोल (कमांडना वेगवेगळे ग्रुप देणारी शेलची सोय) एरवी बंद असतो, त्यामुळे तिची मुलंही त्याच ग्रुपमध्ये येतात.

आता बहुतेक जण विसरतात ती गोष्ट. पालकाच्या बाजूलाही सेटपीजीआयडी(पीआयडी, पीआयडी) करा. फोर्कनंतर आधी कोण धावेल याची खात्री नसते. मुलाने ग्रुप बनवण्याआधीच तुमचा सिग्नल निघाला तर तो ग्रुप सापडणारच नाही. मुलाचं एक्झेक आधी झालं असेल तर पालकाला ईअ‍ॅक्सेस एरर मिळेल, ती खुशाल सोडून द्या. मुलाने आपलं काम केलेलं असतं.

मग किल(-पीआयडी, सिगटर्म), म्हणजे अख्ख्या ग्रुपला थांबण्याची विनंती, आणि काही सेकंदांनी सिगकिल, जो टाळता येत नाही. म्होरक्याला वेटपीआयडीने उचलण्याआधीच हा शेवटचा सिगकिल पाठवा. तो झॉम्बी (संपलेला, पण पालकाने अजून न उचललेला) असेपर्यंत त्याचा क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

आणि हात जोडून सांगतो, फोर्कने काय परत केलं ते तपासा. मी एकदा तपासलं नव्हतं. फोर्क फसला, व्हेरिएबलमध्ये -१ राहिलं आणि तेच पुढे किलला गेलं. किलसाठी -१ म्हणजे ज्यांना सिग्नल द्यायची परवानगी आहे अशा सगळ्या प्रोसेस. त्या सर्व्हरवरचं माझ्या युजरचं सगळं गेलं, दुसऱ्या टर्मिनलमध्ये रात्रभर चाललेल्या कामासकट. तुमच्या कोडमध्ये उणे चिन्ह लागल्यावर त्याच -१ चं १ होईल, म्हणजे सिग्नल थेट इनिटकडे.

वेगळा ग्रुप केल्यावर कंट्रोल-सी स्क्रिप्टपर्यंत पोचणार नाही, कारण टर्मिनल सिगइंट फक्त फोरग्राउंड ग्रुपला देतं. तुमच्या सिगइंट हँडलरमधून तो पुढे पाठवा. स्क्रिप्ट टर्मिनलवरून इनपुट वाचत असेल तर सिगटीटीआयएन येऊन ती थांबेल. तेव्हा टर्मिनल तिच्या ग्रुपच्या ताब्यात द्यायला टीसीसेटपीजीआरपी लागेल.

एखाद्या नातवंडाने सेटसिड केलं (म्हणजे स्वतःचं नवं सेशन आणि ग्रुप बनवला) तर मात्र ते ग्रुपमधून निसटतं. परक्यांच्या स्क्रिप्ट चालवत असाल तर लिनक्सवर सीग्रुप (कर्नलने एकत्र बांधलेला प्रोसेसचा गट) वापरा, कर्नल ५.१४ पासून त्यात सीग्रुप.किल फाइल आहे, तिच्यात १ लिहिलं की आतल्या सगळ्या प्रोसेस जातात.