साथीच्या काळात मोठी गर्दी जमवणं कितपत शहाणपणाचं?

श्वासातून पसरणाऱ्या रोगाची साथ चालू असताना पाचशे-हजार माणसांचा कार्यक्रम घ्यावा का, आणि मोकळ्या मैदानात घेतला तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

रुग्णसंख्या चढती असेल आणि जागा बंद असेल तर घेऊ नका. रुग्णसंख्या उतरती, जागा मोकळी आणि वेळ तास-दोन तास असेल तर घेता येतो. मधल्या परिस्थितीत अंदाजाने बोलण्यापेक्षा हिशोब करा.

गेल्या ७ दिवसांतल्या रोजच्या नव्या रुग्णांची सरासरी काढा. तिला माणूस साधारण जितके दिवस संसर्ग देतो त्या दिवसांनी गुणा (कोविडसाठी ८ धरा), आणि न नोंदलेले रुग्ण धरून किमान तिप्पट करा. चाचण्या कमी होत असतील तर तिप्पटही अपुरी पडते. १० लाख वस्तीत रोज ४० रुग्ण असतील तर हे उत्तर ९६० येतं. एवढे लोक सध्या संसर्ग देऊ शकतात, म्हणजे हजारात जवळपास १ बाधित. या प्रमाणात ५० जणांत किमान एक बाधित असण्याची शक्यता सुमारे ५ टक्के, ५०० जणांत ३९ टक्के आणि ५,००० जणांत ९९ टक्क्यांहून जास्त. म्हणून मोठ्या कार्यक्रमाची आखणी बाधित माणूस आत आलेलाच आहे असं धरून करायची.

दारावरच्या तापमापक बंदुकीवर विसंबू नका. कोविडमध्ये लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग देता येतो, आणि तापाची गोळी घेऊन आलेला माणूसही बिनदिक्कत आत जातो. अँटिजेन चाचणी त्याच दिवशी केलेली हवी. दोन दिवसांपूर्वीच्या निगेटिव्ह निकालाचा फारसा उपयोग नसतो.

बंद जागेत माणशी किती बाहेरची हवा मिळते ते मोजा. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी सेकंदाला किमान १० लिटर सांगितली आहे. २० × १५ × ५ मीटरच्या सभागृहात १,५०० घनमीटर हवा असते. ती तासाला ५ वेळा बदलली तरी सेकंदाला सुमारे २,०८० लिटर होते, म्हणजे २०८ माणसांपुरती. खुर्च्या मात्र ३०० मांडलेल्या असतात! भिंतीवरचा साधा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो. उच्छ्वासाची हवा किती साचली ते कार्बन डायऑक्साइडवरून कळतं. एनडीआयआर (अवरक्त प्रकाशाने मोजणाऱ्या) सेन्सरचा कार्बन डायऑक्साइड मीटर गर्दीच्या मध्यावर, खिडकीपासून आणि थेट कुणाच्या तोंडापासून दूर ठेवा. बाहेर तो ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास दाखवेल. आत ८००च्या वर गेला की दारं-खिडक्या उघडा, १,०००च्या पुढे टिकून राहिला तर माणसं कमी करा.

गाणं, घोषणा, ओरडणं यांनी धोका फार वाढतो. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या स्कॅजिट व्हॅलीत ६१ जणांनी अडीच तास समूहगानाचा सराव केला. त्यांत कोविडची लक्षणं असलेला एकच होता. त्यानंतर खात्रीचे आणि संभाव्य मिळून ५३ रुग्ण निघाले, दोघे दगावले. याउलट बार्सिलोनात २७ मार्च २०२१ रोजी बंद सभागृहात ५,००० जणांची मैफल झाली. त्याच दिवशीची चाचणी, एफएफपी२ (एन९५ सारखे) मास्क आणि सुधारलेलं वायुवीजन होतं. पुढच्या १४ दिवसांत सहा जण बाधित आढळले, त्यांतल्या चौघांना लागण बहुधा दुसरीकडे झाली होती. पण एवढी शिस्त पाळून घेण्याइतके स्वयंसेवक किती आयोजकांकडे असतात?

मैदानाबद्दल. उघड्यावर धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात २८ सप्टेंबर १९१८ रोजी सुमारे २ लाख लोक रस्त्यावरच्या मिरवणुकीला जमले, इन्फ्लुएन्झा तिथल्या नौदल तळावर आधीच पोचलेला असताना. तीन दिवसांत शहरातली रुग्णालयं भरली. शिवाय मैदानातल्या कार्यक्रमालाही बंद भाग असतातच: येण्याजाण्याच्या बस, स्वच्छतागृहं, कडेने बंद केलेला जेवणाचा मंडप, कलाकारांची खोली. मंडपाला चारी बाजूंनी कनाती लावल्या की ते सभागृहच झालं. बाजू उघड्या ठेवा, जेवण टाळा किंवा बांधून द्या, बाहेर पडण्याची दारं आत येण्याच्या दारांपेक्षा जास्त ठेवा, कारण सुटताना सगळे एकदम निघतात.

आजच्या आकड्यांत दिसतात ते साधारण आठवडाभरापूर्वी लागण झालेले लोक. म्हणून कार्यक्रम कोणत्या आकड्याला रद्द करायचा ते आधीच लिहून जाहीर करा, आणि ताप आल्यामुळे न येणाऱ्याला तिकिटाचे पूर्ण पैसे परत द्या. पैसे बुडणार असतील तर तो खोकतखोकत का होईना, येतोच.