स्वादुपिंड पूर्ण काढल्यावर घरी खायला काय द्यावं? माणूस कधी पूर्ववत होतो?

तुमच्या वडिलांना ऑपरेशननंतर मुंबईहून गावी आणलंय आणि घरातले मोठे म्हणतायत, ‘नुसती पेज द्या, खोबरं बंद.’ हे वाचलं आणि राहवलं नाही.

माझं स्वादुपिंड २०१८ला काढलं. घर मालवणजवळ. पूर्ववत वगैरे काही होत नाही. विहिरीवरची कळशी उचलायला मला आठ महिने लागले, आणि इन्सुलिन जन्माचं. ‘सुईची सवय लागते’ म्हणणाऱ्यांना सांगा, इन्सुलिन बनवणारा अवयवच गेला, सवय कसली डोंबलाची!

पुढच्याच चतुर्थीची गोष्ट. दुपारी एकला पानं घेणार असं ठरलेलं, म्हणून मी पावणेएकला सुई टोचली. पण आरती धरली आमच्या काकांनी. काकांना जेवढ्या पाठ आहेत तेवढ्या सगळ्या होतात. दीड वाजला, मला घाम फुटला, हात थरथरायला लागले, झांज हातातून पडली. काका ओरडले, “देव इलो ह्याच्या अंगात, गाऱ्हाणा घाला कोणीतरी!” कोणी अगरबत्ती फिरवली, कोणी नारळ आणायला धावला. बायकोने मात्र नैवेद्याच्या ताटाशेजारची साखरेची वाटी उचलली, तांब्यात ढवळली आणि तो तांब्या माझ्या तोंडाला लावला. मशीनवर साखर ३८ होती. मी शुद्धीवर होतो म्हणून गिळता आलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका.

काका आजही म्हणतात, देवाच्या आधी उष्टं केलं. मी म्हणतो, देवाला चाललं, तुम्हालाच चाललं नाही. इतरांची साखर उतरली की स्वादुपिंडातलं ग्लुकागॉन नावाचं हार्मोन यकृतातली साखर सोडवून घेतं. आपल्याकडे इन्सुलिन नाही तसं तेही नाही, त्यामुळे उतरायला लागली की झरझर उतरते. म्हणून सांगतो, ताट समोर आल्याशिवाय सुई नाही, मग आरती कोणाचीही असो. गार पडलेला भात खाल्लेला बरा.

आता खाण्याचं. पेजेवर माणूस सुकतो, वर पेजेने साखर भसकन चढते ती वेगळीच. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्या. बांगडा द्या, खोबऱ्याचं वाटणही द्या, पण अन्न पचवणाऱ्या एन्झाइमच्या कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर हव्यात, आणि जेवण लांबलं तर काही मध्येही. जेवण झाल्यावर आठवून घेतल्या तर फारसा उपयोग नाही. गरम चहाबरोबर नको, चावायच्याही नाहीत. शौचाला तेलकट, चिकट, पाण्यावर तरंगणारं झालं तर कॅप्सूल कमी पडतायत; लगेच खोबऱ्याच्या नावाने खडे फोडू नका, डॉक्टरांना विचारून कॅप्सूल वाढवा. आमच्याकडच्या मेडिकलमध्ये त्या मिळत नाहीत, म्हणून दादरहून तुतारी एक्स्प्रेसने येणाऱ्या माणसाबरोबर दोन महिन्यांच्या मागवतो. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात, हे काकांना अजून सांगितलेलं नाही.

हे सगळं पूर्ण काढलेल्यांसाठी. वडिलांचं अर्धंच काढलं असेल तर हिशेब वेगळा, कागद नीट वाचा. त्यात प्लीहाही (जंतूंशी लढणारा पोटातला अवयव) काढली असं लिहिलं असेल तर न्यूमोनियाच्या वगैरे लशी झाल्यात का ते विचारा, आणि ताप आला तर काढा पाजत बसू नका, त्याच रात्री गाडी काढा.