रेतीत घातलेलं खत जातं कुठे?

प्रश्न : समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची दोन गुंठे परसबाग आहे. सगळी पुळणीची रेती. मिरची, वांगी, वाली लावते. युरिया टाकला की आठवडाभर झाडं हिरवीगार, मग पुन्हा पिवळी. मे महिन्यात शेणखतही घालते, तरी दिवाळीपर्यंत त्याचा मागमूस राहत नाही. खत वाढवू का? काथ्याचा भुसा आमच्याकडे फुकट मिळतो, तो घातला तर चालेल का?
— एक वाचक, शिरोडा, ता. वेंगुर्ला

उत्तर : ताई, खत वाढवू नका. तुमच्या बागेला खत कमी पडत नाही, ते राहायला जागा नाही.

आधी एक उद्योग करून बघा. प्लॅस्टिकच्या दोन बाटल्यांची बुडं कापा, तोंडाला फडकं बांधा आणि उलट्या टांगा. एकीत नुसती रेती भरा, दुसरीत तीन भाग रेती आणि एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. दोन्हींत पाव पाव लिटर पाणी ओता, खाली वाट्या ठेवा. रेतीतलं पाणी तुम्ही चहाचं आधण ठेवून येईपर्यंत वाटीत उतरलेलं असेल. दुसऱ्या बाटलीतून ते सावकाश ठिबकेल आणि निम्म्याच्या आसपास आतच अडकेल. मी हे पहिल्यांदा माझ्या पडवीत केलं तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "हे तर आमच्या आजीलाही माहीत होतं." असेलही, पण आजीने बाटल्या टांगल्या नव्हत्या.

पाण्याच्याच वाटेने खतही जातं. कुजून काळ्या झालेल्या सेंद्रिय पदार्थावर ऋण भार असतो, म्हणून धन भाराचे पोटॅश, कॅल्शियम, अमोनियम त्याला चिकटून राहतात. रेतीच्या कणावर असं धरून ठेवणारं जवळजवळ काहीच नाही. युरियाची गंमत आणखी वेगळी. तो काही दिवसांत अमोनियम होतो आणि पुढे नायट्रेट. नायट्रेटवर भार ऋण, म्हणजे त्याला शेणखतही धरत नाही. म्हणून युरिया द्यायचाच तर एका वेळी मूठभर नको, चिमूटभर द्या, दर आठ-दहा दिवसांनी. आणि त्यावर पाटाने पाणी सोडू नका, झारीने घाला.

आता तुमच्या मे महिन्याबद्दल. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. त्याच्या तोंडावर रेतीत शेणखत घालायचं, म्हणजे पागोळ्यांखाली साखर ठेवायची. काळ्या जमिनीचं वेळापत्रक पुळणीला लावलं की असं होतं. मी स्वतः अनेक वर्षं लोकांना मेच सांगत आलो, तेव्हा यात माझाही वाटा आहे.

तुम्ही जुलैच्या अखेरीस हिरवळीच्या खतासाठी ताग दाट पेरा, दोन गुंठ्यांना साधारण एक किलो बी. फुलावर येण्याच्या सुमारास, दीड महिन्याने, कापून रेतीत मिसळा. धैंचा नको, तो पाणी साचणाऱ्या जागेचा गडी. मग दसऱ्याच्या सुमारास शेणखत, गुंठ्याला अडीचशे किलो. त्यात नत्र (नायट्रोजन) जेमतेम सव्वा किलो असतं आणि पहिल्या वर्षी तेही सगळं पिकाला मिळत नाही, म्हणून शेणखताकडे खत म्हणून कमी आणि कोठार म्हणून जास्त बघा. आपल्या उष्ण, दमट हवेत हे कोठार भराभर कुजून रिकामं होतं. दरवर्षी भरावंच लागणार, यातून सुटका नाही. वाफ्यांवर गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला अंथरला की रेती दुपारी तापत नाही, पाणीही पुरतं.

काथ्याचा भुसा मात्र कच्चा मिसळू नका. त्यात कर्ब (कार्बन) नत्राच्या शंभरपटीहून जास्त. तो कुजवायला जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि झाड उपाशी. मी एकदा मोहात पडून वालीच्या दोन ओळींना टोपलीभर घातला होता. तीन आठवड्यांत पानं हळदीसारखी झाली आणि शेजारच्या, काही न घातलेल्या ओळी माझ्याकडे बघून हसत होत्या. भुसा ओल्या शेणात आणि गिरिपुष्पाच्या पाल्यात थरांनी रचा, ओल ठेवा आणि पूर्ण काळा होईपर्यंत, तीन-चार महिने, थांबा. नारळाची सोडणं खाडीच्या पाण्यात भिजवलेली असतील तर भुसा आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्या, मिठाने मिरची आधी मरते.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत. पिवळी होतात ती पानं खालची जुनी की शेंड्याची कोवळी? खालची असतील तर आतापर्यंत सांगितलेलं सगळं लागू. कोवळी पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी पडतंय. रेतीत शिंपल्यांचा चुरा फार असला की असं होतं. चिमूटभर रेतीवर व्हिनेगर टाका. फसफसलं तर पुढचं पत्र लिहा, त्याला औषध वेगळं आहे.