लिली ऑफ द व्हॅलीचं ‘शुद्ध तेल’ घ्यावं का?

तुम्ही ठाण्यात घरच्या घरी लिली ऑफ द व्हॅलीचं अत्तर करू पाहताय आणि ऑनलाइन दिसणारं ‘शुद्ध तेल’ घ्यावं का, असं विचारलंय. घेऊ नका. या फुलाचं तेल व्यापारी प्रमाणावर निघतच नाही. झाडही विषारी आहे. बाटलीवर काहीही छापलेलं असो, आत कुणीतरी जुळवलेला वास असतो.

मी नवी मुंबईत सुगंधाच्या लॅबमध्ये काम करते, आणि जुळवलेल्या वासाला मी कमी लेखत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल हे या फुलासारखा वास असलेलं कृत्रिम रसायन बाजारात आलं, तेव्हा कुठे हे फूल बाटलीत उतरलं. फ्रेंच अत्तरकार एदमों रुदनित्स्का यांनी हे फूल आपल्या बागेत लावून त्याचा वास अभ्यासला आणि १९५६ साली दिओर कंपनीसाठी ‘दिओरिसिमो’ हे अत्तर केलं. आजही माझ्या मते त्याच्या तोडीचं दुसरं नाही.

सुरुवातीला १०० भागांत ४० हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल, २० लिनालूल, प्रत्येकी १५ फिनाइल इथाइल अल्कोहोल आणि सिट्रोनेलॉल, ५ बेंझाइल असिटेट घ्या. उरलेल्या ५ भागांत पानाच्या हिरव्या वासासाठी सिस-३-हेक्सेनॉल १० टक्के द्रावणात, आणि मोगऱ्यासारख्या फुलांत असणारं जड वासाचं इंडोल १ टक्का द्रावणात, तेही थेंबाथेंबाने. आपल्याकडे खरी गफलत इथे होते. पांढरं फूल म्हटलं की आपलं नाक ठाण्यातल्या जांभळी नाक्यावरच्या मोगऱ्याकडे धावतं, आणि हात आपोआप इंडोल आणि बेंझाइल असिटेट वाढवतो. मग वास गोड, जड होतो आणि थेट मोगराच बनतो. लिलीत ओलावा हवा, पहाटेचा गारवा हवा. वास अपुरा वाटला तर गोडवा वाढवू नका, हिरवा वास किंचित वाढवून बघा.

इंटरनेटवरच्या जुन्या फॉर्म्युल्यांत लिलियल आणि लायरल ही लिलीच्या वासाची कृत्रिम रसायनं हमखास दिसतील. ते टाळा. लायरलने ॲलर्जी होते, लिलियल प्रजननक्षमतेला घातक ठरलं. युरोपमध्ये सौंदर्यप्रसाधनांत दोन्हींवर बंदी आहे, लिलियलवर १ मार्च २०२२ पासून. हायड्रॉक्सीसिट्रोनेलालचीही ॲलर्जी होऊ शकते. त्यामुळे अंगावर लावणार असाल तर इफ्राची (सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची) मर्यादा पाहून तेवढं पातळ करा. त्यासाठी डीपीजी (डायप्रोपिलीन ग्लायकॉल, एक बिनवासाचा द्रव) वापरा, म्हणजे स्पिरिटच्या परवान्याची कटकट नाही.

मिश्रण लगेच हुंगून निकाल देऊ नका, आठवडाभर मुरू द्या. बाटली लहान घ्या, गळ्यापर्यंत भरा आणि फ्रीजमध्ये ठेवा. हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल हे अल्डिहाइड आहे; आत हवा राहिली की ते खराब होतं.