युरिया दिल्यावर झड लागली की नत्र जातं कुठं? जीवाणू उडवतात हे खरं का?

खरं आहे. तुम्ही लिहिलंय की भारी काळ्या वावरात युरिया दिला, लगेच झड लागली आणि पऱ्हाटी (कापूस) पिवळी पडली. आमच्या वर्धेकडे हे नेहमीचंच. थोडं नत्र (नायट्रोजन) पाण्यासोबत वाहून जातं, पण जिथं पाणी खाली झिरपतच नाही तिथं जीवाणूंचा हात मोठा.

युरियाचं मातीत आधी अमोनियम होतं. नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर हे जीवाणू हवेच्या मदतीनं त्याचं नायट्रेट करतात. इथवर पिकाचा फायदाच. झड लागली की काळी माती फुगते, भेगा मिटतात, पाणी साचतं आणि आतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो. मग स्यूडोमोनास, पॅराकोकस अशी मंडळी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरून श्वास घेतात. नायट्रेटचं नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी साधा नायट्रोजन वायू, जो हवेत आधीच ७८ टक्के आहे! काम अर्धवट राहिलं तर नायट्रस ऑक्साइड सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबानं तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापवतो. गंमत म्हणजे सोयाबीनच्या गाठीत नत्र बांधणाऱ्या ब्रॅडीरायझोबियमच्या काही जातीही हवा नसली की हाच उद्योग करतात.

या जीवाणूंना खायला कुजणारा काडीकचरा लागतो, म्हणून चिबडलेल्या (पाणी साचलेल्या) वावरात ताजं शेणखत आणि युरिया सोबत टाकू नका.

पण पिवळेपणाचा सगळा दोष त्यांच्या माथी नको. मुळं गुदमरली की मातीत नत्र असूनही झाड ते उचलत नाही. अशात पाणी उभं असताना आणखी एक बॅग फेकणं म्हणजे निव्वळ पैसा घालवणं. ४५ किलोच्या बॅगेत नत्र जेमतेम २०.७ किलो. आधी चर काढून पाणी बाहेर घाला, उघाड मिळाली की १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया फवारा. वाफसा आल्यावर डवरा (कोळपं) फिरवा, मगच मुळाशी खत, तेही थोडं थोडं करून.

युरियाला २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्यानं अमोनियमचं नायट्रेट सावकाश होतं. अमोनियमच्या रूपात असेपर्यंत नत्र या वाटेनं उडत नाही. मात्र आधीच तयार झालेल्या नायट्रेटला लेपाचा काही उपयोग नाही.

भंडारा-गोंदियाच्या धानाच्या बांधीत तर पाणी उभंच असतं, मग तिथं कसं चालतं, हेही तुम्ही विचारलंय. तिथं खत चिखलात खोल गेलं तर हवेअभावी अमोनियमच राहतं, आणि धान तेच उचलतं. म्हणून चिखलणीत खत मिसळतात किंवा रोवणीनंतर युरियाच्या गोळ्या मुळांजवळ दाबतात. पाण्यावर फेकलेल्या युरियाचं मातीच्या वरच्या, थोडी हवा असलेल्या पातळ थरात नायट्रेट होतं, ते खालच्या बिनहवेच्या थरात उतरतं आणि उडतं. बांधी सुकून पुन्हा भरली तरी तेच.