‘तरतूद केली’ म्हणजे पैसे ठेवले का?

प्रश्न असा आहे: ‘अमुक योजनेसाठी इतक्या कोटींची तरतूद केली’ असं मार्चमध्ये छापून येतं आणि डिसेंबरात त्याच योजनेची देयकं थकलेली असतात. तरतूद होती, तर पैसे गेले कुठे? शिवाय तरतूद, नियतव्यय, निधी, अनुदान हे सगळं एकच का?

एकच नाही. आणि निम्मा घोळ ‘तरतूद’ या शब्दानेच घातला आहे.

मूळ अरबी ‘तरद्दुद’. अर्थ येरझार, खटपट. हिंदीत तो चिंता, यातायात या अर्थाने राहिला. मराठीत मात्र खटपटीचं फळ त्याला चिकटलं: आधीच करून ठेवलेली सोय. ‘मुलीच्या शिक्षणाची तरतूद केलीय’ असं कुणी म्हणालं, की रक्कम बाजूला पडली आहे असंच आपण समजतो. घरातली तरतूद म्हणजे बेगमीची सख्खी बहीण.

सरकारी तरतूद तशी नसते. ती परवानगी असते: या लेखाशीर्षावर (हिशेबात नेमलेल्या खर्चाच्या बाबीवर), या आर्थिक वर्षात, या आकड्यापर्यंत खर्च करायला विधिमंडळाची हरकत नाही. पैसा वर्षभरात करांतून, केंद्राकडून आणि उरलेला कर्जातून येईल हे गृहीत धरलेलं असतं. महाराष्ट्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी धरला होता. म्हणजे ४५,८९१ कोटींची महसुली तूट पहिल्याच दिवशी कागदावर होती, तरी तरतुदी सगळ्या बाबींसाठी होत्या. घरच्या अर्थाने याला तरतूद म्हणणं कठीण आहे, हा उसनवारीचा बेत झाला. रस्ते-धरणांसाठी कर्ज काढलं तर मागे काहीतरी उभं राहतं. महसुली तुटीचं कर्ज चालू खर्चात विरतं, म्हणून तिथे हा शब्द मला जास्त खुपतो.

आता ‘केली’ हे क्रियापद. अर्थसंकल्पी भाषणाच्या दिवशी ‘तरतूद केली’ हे चूकच. मंत्र्यांच्या भाषणातलं ठरलेलं वाक्य पाहा: ‘विभागास इतके कोटी रुपये नियतव्यय प्रस्तावित आहे.’ नियतव्यय म्हणजे नेमून दिलेला खर्च, आणि तोही अजून प्रस्तावितच. पुढे विभागवार अनुदानाच्या मागण्या मंजूर होतात, मग घटनेच्या कलम २०४ खालचं विनियोजन विधेयक, म्हणजे तो खर्च करायची कायदेशीर मुभा. ते संमत झालं की ‘तरतूद झाली’ म्हणावं. त्यानंतरही रुपया हललेला नसतो. प्रशासकीय मान्यता लागते, वित्त विभाग बीम्स या संगणक प्रणालीवर निधी टप्प्याटप्प्याने खुला करतो, नियंत्रक अधिकारी तो आहरण व संवितरण अधिकाऱ्यापर्यंत (पैसे काढून वाटणाऱ्यापर्यंत) पोचवतो, तिथे देयक तयार होतं आणि कोषागारातून (मुंबईत अधिदान व लेखा कार्यालयातून) पैसे निघतात. देयकं अडकतात ती बहुतेक बीम्सच्या पायरीवर: तरतूद शंभर, वितरण साठ, आणि कामं मात्र शंभराहून जास्तीची मंजूर. शासन निर्णयात ‘तरतूद’ आणि ‘वितरित’ हे शब्द म्हणूनच वेगळे येतात. बातमीत दोन्हींचा ‘निधी दिला’ होतो.

याच चष्म्यातून ‘निधी परत गेला’ हेही वाचा. ३१ मार्चला खर्च न झालेली तरतूद व्यपगत होते, म्हणजे परवानगीची मुदत संपते. जो पैसा आलाच नाही, तो परत कसा जाईल? जिल्हा परिषदेकडे प्रत्यक्ष जमा झालेला आणि दोन वर्षांच्या मुदतीत न खर्चलेला निधी शासनाकडे भरावा लागतो. तिथे ‘परत गेला’ अगदी बरोबर.

‘पुरवणी मागणी’ हा शब्द परीक्षेच्या पुरवणीमुळे सगळ्यांना कळतो, आणि अर्थही तोच: मूळ कागद अपुरा पडला. कलम २०५ ही सोय देतं ती तरतूद कमी पडली किंवा नवीच बाब उद्भवली तर. २०२४ साली २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला, त्यात लाडकी बहीण योजना जाहीर झाली, आणि अकराव्या दिवशी ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. त्यांत या योजनेचे २५,००० कोटी होते. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. जूनच्या कागदावर राजकोषीय तूट (कर्ज काढून भरायची एकूण तूट) १,१०,३५५ कोटी होती, पुढच्या मार्चच्या सुधारित अंदाजात ती १,३२,८७३ कोटी झाली. पेपर सुरू होताच पुरवणी मागणाऱ्या मुलाचा अभ्यास दांडगा असतो असं आपण म्हणतो. सरकारबाबत मी तसं म्हणणार नाही. अकरा दिवसांत नवं काय उद्भवलं होतं? मात्र टीका करतानाही आकडा नीट घ्यावा. मथळ्यात येतो तो ढोबळ आकडा, आणि त्यात नुसत्या समायोजनाच्या (हिशेबातल्या हिशेबात फिरणाऱ्या) रकमाही असतात. जुलै २०२५च्या ५७,५०९ कोटींच्या मागण्यांत निव्वळ भार सुमारे ४०,६४५ कोटींचा होता.

तरतुदीचा आकडा भागून पाहिला की आश्वासनाचं वजन कळतं. लाडक्या बहिणीला दरमहा १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. २०२५-२६ साठी ३६,००० कोटी धरले, म्हणजे बरोबर दोन कोटी महिला. निवडणुकीत २,१०० कबूल केले होते. त्या दराने दोन कोटींना ५०,४०० कोटी लागतात. म्हणजे ‘तरतूद केली’ हे खरं, पण २,१०० ची नाही.

‘निधी वळवला’ हा आरोपही जपून वापरावा. एकाच मागणीतल्या एका शीर्षावरची बचत दुसऱ्यावर नेणं म्हणजे पुनर्विनियोजन. एका मागणीतून दुसरीत, किंवा मताला टाकाव्या लागणाऱ्या ‘दत्तमत’ खर्चातून मताविना होणाऱ्या ‘भारित’ खर्चात (कर्जावरचं व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे पगार) तसं नेता येत नाही. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख लाडक्या बहिणीकडे वळवल्याचा गदारोळ झाला. सरकारचं म्हणणं होतं की त्या विभागाखाली याच योजनेसाठी आधीच केलेल्या तरतुदीतून ते वितरित झाले. तसं असेल तर तांत्रिकदृष्ट्या ते वळवणं नव्हे. विभागाच्या नावावर योजना मांडून त्याचा आकडा फुगवणं मात्र आहे, आणि त्याला ‘वळवला’ पेक्षा नेमका शब्द हवा. ‘नावावर टाकला’ हा मला बरा वाटतो.

राहिलं ‘अनुदान’. खताचं, शाळेचं, ठिबकचं अनुदान म्हणजे सरकारने दिलेली मदत. ‘अनुदानाची मागणी’ मधलं अनुदान वेगळं: तिथे देणारी विधानसभा आणि मागणारं सरकार. ‘गृह विभागाला अनुदान मंजूर’ असं वाचून पोलिसांना कसली सवलत मिळाली, हे शोधू नये.